म्हाताऱ्या मांजराची डॉक्टर

आदित्यचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. इस्त्री उभी करून ठेवली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. शरयूताई दुपारी चहाच्या वेळी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या. शेजारच्या डोरीनला खिडकीतून दिसलं आणि तिने धावपळ केली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आदित्य लगेच एडिनबराहून निघत होता. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "आणि मांजराचं काय करायचं?"

त्या प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे. नाहीतर शरयूताईंवर लिहून झालंय. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आलं, हॉस्पिटलच्या पत्रकात आलं, आणि दोन्हीकडे त्या 'मनमिळाऊ' होत्या असं छापलंय. ज्यांनी लिहिलं त्यांचा त्यांच्याशी कधी वाद झालेला नसावा. शरयूताई अजिबात मनमिळाऊ नव्हत्या. हट्टी होत्या, तिखट होत्या, आणि त्यांच्या हट्टामुळे या नॉटिंगहॅममधली कितीतरी म्हातारी माणसं चार वर्षं जास्त आणि धडपणे जगली. ते कुणी लिहिलं नाही, कारण ते शोकसभेत शोभत नाही.

त्या इथल्या हॉस्पिटलात वृद्धांच्या वॉर्डाच्या डॉक्टर होत्या. आपल्याकडून आलेल्या डॉक्टरांना तेव्हा बरेचदा असल्याच वॉर्डात जागा मिळे, कारण इंग्रज डॉक्टरांना तिथे जायचं नसे. बाकीचे लोक नशिबाला बोल लावत तिथे दिवस काढत. शरयूताईंनी मात्र तो वॉर्ड अंगावर घेतला. एखाद्या नवशिक्या डॉक्टरने 'वय झालंय' म्हणून हात झटकले की त्या त्याला पुन्हा पेशंटपाशी उभा करत. वय झालं हे निदान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आजी चालत नाही? तिची नखं बघा, चपला बघा, चष्मा कुणी हरवलाय का ते बघा. मी कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होते आणि त्यांच्याहून बरीच लहान. पण नवरा गेल्यावर त्यांना शनिवारी गप्पांना कुणीतरी हवं होतं, आणि मला त्यांचं ऐकायला आवडायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आदित्य शाळेत असताना, त्याने हट्ट करून मांजराचं पिल्लू आणलं. रंग तपकिरी म्हणून नाव तपकीर. मला मांजरं आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकते. शरयूताईंचं घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यामुळे तपकीरला मिळे दूधभात, वर साजूक तूप, सणावारी वाटीभर खीर. आणि ती त्यावर अशी तुकतुकीत झाली की मंडळात तिचा बोलबाला झाला. बायका मुलांना घेऊन तिला बघायला येत. संस्कारांनी जनावरसुद्धा बदलतं, असं एका काकूंनी हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांगितलं, आणि शरयूताई, एवढ्या शिकलेल्या बाई, खूश होऊन हसल्या.

वर्षं गेली. आदित्य एडिनबराला नोकरीला लागला, शरयूताई निवृत्त झाल्या, आणि एका हिवाळ्यानंतर तपकीर वाळायला लागली. पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या, कारण ती अंग चाटेनाशी झाली. दिवसभर टेबलाखाली बसून राही. जनावरांचा डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्याने तिला चाचपून सांगितलं की बाईंचं आता वय झालंय, असं व्हायचंच. त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि शरयूताईंचं डोकं फिरलं. मी शेजारीच बसले होते. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की हेच वाक्य ऐकण्यात माझं सगळं आयुष्य गेलंय आणि ते मी एकदाही मान्य केलेलं नाही. मग मांजर उचललं आणि घरी आल्या.

वॉर्डात करायच्या तेच त्यांनी केलं. पेशंट बोलू शकत नसेल तर आसपासच्यांना विचारायचं. पहिली डोरीन. तिला प्रश्नच कळेना. तपकीर तर रोज दुपारी कुंपणावरून उडी मारून माझ्याकडे जेवायला येत होती, म्हणाली, कधी कोंबडी, शुक्रवारी मासा. या हिवाळ्यात यायची थांबली, मला वाटलं तुम्हीच बंद केलंत. तपकीरचे मागचे पाय आखडले होते. तिला कुंपण चढवत नव्हतं, एवढीच गोष्ट.

शरयूताई तशाच माझ्याकडे आल्या. कोटही काढला नाही.

"नलू, मी डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं मी एका मांसाहारी जिवाला उपाशी ठेवलं आणि वर त्याचं कौतुक करून घेतलं. डोरीन नसती तर मांसातलं सत्त्व न मिळून आंधळी होऊन मेली असती ती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं, नवऱ्याच्या वेळीही पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्या बाजारात होत्या. गॅरेजमध्ये एक शेगडी मांडली, वेगळं पातेलं, वेगळा चमचा, आणि ज्या बाईने जन्मात मांसाला हात लावला नव्हता ती नाकाला पदर लावून कोंबडी शिजवायला लागली. नुसती कोंबडी पुरत नाही म्हणून डॉक्टरकडचे म्हाताऱ्या मांजरांसाठीच्या तयार खाण्याचे डबे आणले, त्यात कोंबडीचा रस कालवायचा. दूध बंद, कारण त्याने पोट बिघडत होतं. पाण्याच्या वाट्या मात्र प्रत्येक खोलीत, कारण म्हातारं मांजर पाणी शोधत जात नाही, दिसलं तर पितं.

मंडळात वास पोचायला वेळ लागला नाही. गौरींचं हळदीकुंकू दरवर्षी शरयूताईंच्या घरी असे. अध्यक्षीणबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या की ज्या घरात मांस शिजतं तिथे गौरी कशा बसवायच्या, बायकांना जरा अवघड वाटतंय. शरयूताईंनी त्यांना चहा दिला. मग म्हणाल्या, "मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. मांजराला विष असतं ते. तुमच्यापैकी किती जणी एवढा कडक चातुर्मास पाळतात?" बाईंना हसावं की उठावं ते कळेना. त्या वर्षी गौरी दुसरीकडे गेल्या. शरयूताईंनी आपल्या घरी एकटीने बसवल्या, पुरणपोळी केली, आणि डोरीनला जेवायला बोलावलं. मीही गेले. मंडळातल्या काही जणी माझ्याशी बरेच दिवस धड बोलल्या नाहीत… नाही बोलल्या तर नाही.

तरी तपकीर पोटभर खाईना. शरयूताईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं तर मागचे दात किडलेले. दात काढायला भूल द्यावी लागणार, आणि तरुण डॉक्टर कचरला. या वयात भूल झेपेल की नाही, सांगता येत नाही, म्हणाला. शरयूताईंनी त्याला मूत्रपिंडं तपासायला लावली, रक्त तपासायला लावलं, भूल देताना सलाइन लावायला लावलं, आणि सकाळपासून त्याच्या बाकावर बसून राहिल्या. मीही बसले. मांजर मेलं तर यांचं काय होईल, याचीच मला धास्ती होती. तपकीर संध्याकाळी शुद्धीवर आली, आणि आठवडाभरात वाटी चाटूनपुसून साफ करायला लागली. त्यानंतर तो डॉक्टर आपल्या इतर म्हाताऱ्या पेशंटांबद्दल शरयूताईंना फोन करून विचारायचा.

घर हळूहळू त्यांच्या जुन्या वॉर्डासारखं झालं. खिडकीत चढायला स्टुलांच्या पायऱ्या, घसरू नये म्हणून त्यांवर गालिच्याचे तुकडे. ती शी-शू करायची त्या मातीच्या ट्रेची एक बाजू कापून खाली केलेली, म्हणजे आखडलेला पाय सहज आत जाईल. बिछाना हीटरजवळ. नखं कापायची, कारण ती आपली आपण झिजत नाहीत आणि गादीत रुतायला लागतात. रोज मऊ ब्रशने विंचरताना अंगभर हात फिरवायचा, कुठे गाठ आहे का, कुठे दुखतंय का. आणि दोऱ्याला चिंधी बांधून थोडं खेळवायचंच. म्हातारी झाली म्हणजे कंटाळा येत नाही की काय, असं त्या म्हणत.

मग त्यांचंच हृदय थकलं. आदित्यने एडिनबराला आपल्याजवळ एक फ्लॅट बघितला, खाली वॉर्डन, दोरी ओढली की मदत येणार. सगळं चांगलं होतं, फक्त मांजर चालणार नव्हतं. तो वाईट मुलगा नाही. त्याने खूप विनवलं. शरयूताईंनी त्याला एवढंच सांगितलं, "तुझ्या त्या फ्लॅटमध्ये मला कशासाठी उठायचं, ते सांग." आणि त्या गेल्या नाहीत. 'मांजरापायी जीव गेला,' असं अंत्यविधीच्या वेळी माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं. मी वळून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की नाही बाई, मांजरापायी त्या रोज उठत होत्या. क्रेमेटोरियममध्ये आवाज चढवू नये हे मलाही कळतं.

त्या संध्याकाळी आदित्य सोफ्यावर डोकं धरून बसला होता. तपकीर खुर्चीखाली. तो म्हणाला, "मावशी, शी इज सेव्हन्टीन. आता तिला कोण बघणार? मी व्हेटकडे बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय, इंजेक्शन देऊन तिला कायमची झोपवतील. इट्स द काइंड थिंग."

"तिला काय झालंय?" मी विचारलं.

"काय म्हणजे… ती ओल्ड आहे."

मी मांजर न्यायची बास्केट मागितली. बुधवारपर्यंत ती माझ्याकडे राहील, खाल्लं नाही तर तुझ्या मनासारखं कर, असं ठरलं.

तिने खाल्लं नाही. शाकाहारी मी, मासा उकडला, काटे काढले, बोट बुडवून कोमट आहे का पाहिलं. ती वास घेई आणि तोंड फिरवून वॉशिंग मशीनमागे जाई. डबा बदलला, ताटली बदलली, गरम पाण्याची बाटली ठेवली. मंगळवारी मी तिच्यावर ओरडले, मग स्वतःच रडले. मला मांजरं आवडत नाहीत, पण हे मांजर असं जायला नको होतं. हे गेलं असतं तर 'वय झालंय' म्हणणारी सगळी माणसं बरोबर ठरली असती.

बुधवारी सकाळी शरयूताईंचं जेवण आठवलं. शेवटच्या काही वर्षांत त्या टेबलावर जेवत नसत. भिंतीला टेकून जमिनीवर पाट मांडत, आपलं ताट एका बाजूला, तपकीरची वाटी दुसऱ्या बाजूला. मी एकदा हसले होते, तर म्हणाल्या की वॉर्डात म्हाताऱ्यांना एकेकटं खाटेवर जेवण दिलं की ताटं तशीच परत जातात, चार जणांना एका टेबलाशी बसवलं की भूक लागते. माझ्याकडे पाट नाही. उशी टाकली, गुडघे कुरकुरत खाली बसले, वरणभाताचं ताट मांडीवर घेतलं आणि माशाची वाटी हाताच्या अंतरावर ठेवली. तिच्याकडे बघितलं नाही. आपला भात कालवून खायला लागले… थोड्या वेळाने मशीनमागून पावलं आली. मग वाटी फरशीवर हलल्याचा आवाज.

तेवढ्यात फोन वाजला. हात पोचेल एवढ्यावरच होता. आदित्यने माझा नंबर दिला असणार, जनावरांच्या दवाखान्यातली मुलगी अतिशय हळू आवाजात विचारत होती, आज अकराला तुम्ही तिला घेऊन येताय ना, आम्ही शांत खोली ठेवली आहे.

नाही म्हटलं. आम्ही जेवतोय.