पायाशी कोणी बसायचं नाही

घोट्यावरची माझी जखम भरतच नव्हती. वर्गात उभं राहून शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. पायाचं रक्त शिरांतून वर चढेनासं झालं, खालीच साचलं आणि कातडी फुटली. जळगावच्या सर्जननी लेसरने खराब शीर बंद केली, मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावली आणि मेहरूण भागातल्या माझ्या घरी सोडताना बजावलं, "सर, पाय छातीपेक्षा उंच. खाली सोडलात तर ही कातडी धरणार नाही. परत मांडी सोलावी लागेल."

पलंगाचा पायथा दाराकडे होता. भेटायला येणारे दारातल्याच खुर्चीत बसत. वडीलधाऱ्यांकडे पाय करून लोळायचं कसं? कोणी नाना, कोणी अक्का आल्या की मी उठून पाय खाली घेई. बायको आतून डोळे वटारी. पाहुणे चहा घेत, मग आपापली ऑपरेशनं सांगत. पाय ठणकू लागे.

पट्टी सोडली तेव्हा कातडीची एक कड काळी पडून सुटली होती.

"पाय खाली होता ना?" सर्जननी विचारलं.

बायको म्हणाली, "सगळ्यांना बसून नमस्कार केलाय यांनी."

"उरलेली अजून वाचेल. आता तरी ऐका."

त्याच संध्याकाळी भडगावकडून आबा, माझे वडील, आले. मला शिकवण्यासाठी ते लोकांच्या केळीच्या बागांत राबले. घरातला पहिला पदवीधर मी. त्यांच्यासमोर कधी पाय पसरला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि माझा पाय आपोआप खाली आला. बायकोने त्यांना सगळं सांगितलं.

"वर ले पाय," आबा म्हणाले.

"तुमच्याकडे होतो, आबा."

त्यांनी खुर्ची उचलली आणि माझ्या उशामागे नेऊन ठेवली. "आते कोनाकडे शे?"

"दाराकडे."

"मंग दारले राग येस का?"

तेव्हापासून येईल त्याला आबा उशामागेच बसवू लागले. पडल्यापडल्या मला मागे वळून बघता येत नसे. समोर उशांच्या ढिगावर पांढरी पट्टी, त्यापलीकडे दार. डोक्यामागून आवाज येत.

"तब्येत बरी दिसते."

"कशावरून? यांचं तोंड तर तिकडे आहे!"

सगळे हसत. मला कोण हसलं तेही कळत नसे. दिवसभर दार बघायचं आणि बाहेर जायचं नाही.

पुढची पट्टी सुटली तेव्हा उरलेली कातडी गुलाबी होती. सुटलेली कड मात्र ओलीच. "धरलीय," सर्जन म्हणाले, "पण अजून असंच पडून राहायचं."

आबा परत निघाले. पाया पडायला मी उठू लागलो, तर मागून खांद्यावर हात आला.

"उठू नको. पाय वर ऱ्हाऊ दे."

पिशवी घेऊन ते पलंगाला वळसा घालून दारात गेले, चपला घालायला वाकले. माझा पाय नेमका त्यांच्याकडे होता. मी तो हलवला नाही.