आईच्या पोटातली राखण

पिंगळीच्या स्टेशनात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. सात वर्षांपूर्वी तेवढ्यात अप्पांनी माझ्या बॅगा चढवल्या आणि आईनं माझ्या कपाळाला भस्म लावता लावता एकच बजावलं, "रोज तोंड दाखवत जा बाई. नुस्त्या आवाजावरनं काई कळत न्हाई." जर्मनीला निघालेली मी गावातली पहिलीच, म्हणून मोठ्या तोऱ्यात हात हलवला. रडू आलं ते परभणी मागे पडल्यावर.

तिथं प्रयोगशाळेत काम मिळालं ते अंडाशयाच्या कर्करोगावर. बायकांच्या गाठींचे पातळ काप काचेवर घ्यायचे, त्यांना रंग द्यायचा आणि शरीराच्या राखणदार पेशी गाठीत शिरल्यात का ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. रंग दिला की त्या तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. कुणाच्या गाठीत त्या घोळक्यानं घुसलेल्या असतात, कुणाच्या काठावरच थबकलेल्या. गाठ लबाड असते. ती त्यांना थोपवते, आणि राखणीला आलेल्या दुसऱ्या काही पेशींना चक्क फितवून आपल्या चाकरीला लावते. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले. आपल्या आत, आपल्याला न विचारता, केवढं चाललेलं असतं!

आईला रोज तोंड दाखवत होते, आणि तिचंही तोंडच बघत होते. मागच्या दिवाळीत अप्पांनी फोन लांब धरला तेव्हा आई अख्खी दिसली. पोट चांगलंच सुटलेलं. शेजारच्या मथुरामावशी मागून म्हणाल्या, "लेक फॉरेनला गेली आन् आईला सुख लागलं!" मीही हसले. "आई, लय खायलीस का गं?"

"कुठलं? दोन घासांतच पोट भरायलंय."

पोट फुगणं, दोन घासांत भरणं. ही लक्षणं मला तोंडपाठ होती. तरी मी "गॅस असेल, ओवा खा" असं सांगून फोन ठेवला. ही चूक गावात कुणालाच सांगितली नव्हती, आज लिहून टाकते.

तीन महिन्यांनी पोटात पाणी निघालं, मग गाठ. मिळेल त्या विमानानं आले. नांदेडला ऑपरेशन ठरलं. सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग काढायला आई काही तयार होईना. "हे जित्तेपणी उतरत न्हाई, बाई." शेवटी सिस्टरनंच ते तिच्या दंडाला पट्टीनं बांधून दिलं.

गाठीचा काप पुण्याहून रंगवून आला. डॉक्टरांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. रोजचंच काम. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. आधी सगळं निळं दिसलं. मग एक तपकिरी ठिपका, मग दुसरा, मग गाठीच्या पार गाभ्यापर्यंत ठिपकेच ठिपके. मी ओवा सांगत होते तेव्हा यांना कळलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी वाट दाखवली नव्हती. डॉक्टरांसमोरच मी हमसून रडले.

आईला समजावलं, "बरी होशीलच असं नाही. पण ज्यांच्या गाठीत या राखणदार पेशी आत शिरतात, त्या बायका बहुधा जास्त दिवस काढतात."

तिनं स्वतःच्या पोटाकडं बघितलं. "माजंच हाय का हे सगळं? आन् मलाच पत्ता न्हाई!"

केमोच्या चौथ्या खेपेनंतर मी म्हणाले, नोकरी सोडते, इथंच राहते. आईनं विचारलं, "तिथं अशा लय बायांच्या गाठी येत्यात का?"

"येतात."

"मग तू माज्या उशाशी बसल्यावर त्यांचं कोण बघायलंय?"

मी जर्मनीला परत आले. पुढचं काय ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण घर म्हटलं की आता दारअंगण आठवत नाही. कधीकाळी आईच्या त्या अंडाशयातच मी एका पेशीएवढी होते. ते माझं पहिलं घर, आणि ते काढून टाकलंय. ज्या पेशी ते राखायला आत शिरल्या, त्यांच्यासारख्या कितीतरी आईच्या रक्तात आजही फिरत असतील. मी घर सोडून आले. त्या अजून आईपाशीच आहेत.