विहिरीवरची निलगिरी

सर्दी झाली म्हणून बायकोनं रुमालावर निलगिरीचं तेल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं.

बारा वर्षांपूर्वी मानेसरला, कंपनीच्या वृक्षारोपणात, दिवसभर हाताला हाच वास होता. टेकडीवरची मूळची धौची खुरटी झाडं तोडून आम्ही भराभर वाढणारी निलगिरी दाटीवाटीनं लावली. खालच्या विहिरीवर पाणी भरणारी अम्मा घागर ठेवून वर आली. "धौ कम पीता है, साहब. ये तो कुआँ पी जाएगा!"

मी पुण्याचा शहाणा! हसून म्हणालो, "अम्मा, पेड़ से तो पानी आता है."

आज विहीर कोरडी आहे आणि अम्मा टँकरच्या रांगेत. सगळी झाडं जगवल्याबद्दल मिळालेली ढाल माझ्या टेबलावर आहे. परवा तिच्यावरची धूळसुद्धा पुसली मी, निर्लज्जानं.