लिहिलं होतं ‘जा’, ऐकू आलं वेगळंच

मी फिजिक्स शिकवते, लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात. आवाज म्हणजे हवेतली कंपनं, त्यापलीकडे काही नाही, हे पोरांना सांगण्यात माझी अर्धी हयात गेली. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी चहाचा कप उचलून सरळ व्हरांड्यात जाते. त्यामुळे हे इथं लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण या ग्रुपवर नवे लेखक सारखे विचारतात, पुस्तक छापून यायला काय करावं? माझा सल्ला ठरलेला — लिहिलेलं मोठ्यानं वाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मग ऐका. हा सल्ला एवढ्या हट्टानं का देते, ते मात्र कधी सांगितलं नव्हतं.

माझी पहिली कादंबरी नांदेडच्या एका प्रकाशकांना आवडली होती. अडलं होतं ते एका प्रसंगावर. मुलगी नोकरीसाठी गाव सोडते आणि आई तिला अहमदपूरच्या एसटी स्टँडवर निरोप देते. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, बाकी पुस्तक झकास हाय. पण ही आई कुठून आणली तुम्ही? नुसती भाषण करून राहिली. एवढी नीट करा, मग छापू."

आता ही आई मला का जमत नव्हती, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी स्वतःची आई त्याआधीच्या वर्षी गेली. लकवा मारला आणि तिची वाचाच गेली. दवाखान्यातून कॉलेजला निघताना तिला बोलायची धडपड करावी लागू नये म्हणून मी नुसता हात दाबून निघायचे. अशाच एका सकाळी मी निघाले आणि दुपारी ती गेली. निरोप असा झालाच नाही. जो मला मिळाला नाही, तो कागदावर कुठून आणणार?

प्रकाशकांचा सल्ला होता, "संवाद कापा." (नव्यांनो, सल्ला चांगला आहे, पाळा.) मी कापत सुटले. ‘नीट जा, वेळेवर जेवत जा, पोचलीस की फोन कर, लवकर ये’ — सगळं छाटून शेवटी एकच शब्द ठेवला. ‘जा.’ वाटलं, काय कसदार झालंय! आपल्याकडे निघणाऱ्या माणसाला कुणी ‘जा’ म्हणत नाही, निघणारीही ‘येते’ म्हणते, एवढी साधी गोष्ट लेखिकाबाईंच्या डोक्यातून पार उडाली होती.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून मी तो प्रसंग रेकॉर्ड केला. आत कुकर लावला होता. मग आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा, ऐकत बसलो. "आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली..." इथवर बरोबर. त्याच्यापुढे माझ्याच आवाजात, अगदी स्पष्ट — "होगि बा."

नवरा म्हणाला, "हे काय वाचलंस?"

मी कागद पाहिला. ‘जा’ लिहिलेलं. मला आठवतही ‘जा’च होतं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मागे कुकरची शिट्टी चालू होती, ती त्या शब्दांवरून सलग पुढे गेलेली, कुठे तुटलेली नाही. म्हणजे मध्ये कुणी काही जोडलेलं नव्हतं.

शब्द कानडी वाटले; मला कानडी येत नाही. पण आईचं माहेर निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकच्या सीमेला लागून. म्हणून निलंग्याच्या मावशीकडे गेले आणि काही न सांगता तिला रेकॉर्डिंग ऐकवलं.

"होगि बा म्हंजी जाऊन ये," ती म्हणाली. "आमच्या आईचं बोलणं हाय हे. आमी शाळंला निगालो तरी म्हनायची. तुला कुनी शिकिवलं?"

"माझी आई बोलायची का असं? मी लहानपणी ऐकलं असेल."

"न्हाई गं. सासरी लई हसायचे तिच्या कानडीला. लगीन झालं तवाच सोडलं तिनं. माझ्यासंगं सुदिक मराठीच बोलायची. आन् आमची आई तर तुझ्या जलमाआदीच गेली."

म्हणजे मी ते ऐकलेलं नाही. मग माझ्या आवाजात ते आलं कुठून? फिजिक्सची पुस्तकंही उलथून पाहिली मी. पुस्तक ‘होगि बा’ ठेवूनच छापलं. प्रकाशक म्हणाले, खाली अर्थ देऊ. मी म्हटलं, नको, वाचणाऱ्याला कळतं. आणि कळलंही.

पण त्या दिवशी मावशीनं रेकॉर्डिंग आणखी एकदा लावायला सांगितलं. ते शब्द आले तशी तिनं माझा हात धरला.

"आगं, गप काय बसलीस? कुनी होगि बा म्हनलं तर येते म्हनावं लागतं."

मी त्या मोबाईलला, भर दुपारी, फिजिक्सची बाई... म्हणाले, "येते गं आई."