डेंटिस्टची खोटी अपॉइंटमेंट

मैत्रिणींनो, आज मी लेकीच्या शाळेत जाऊन खोटं बोलले.

बंदुकांचे कायदे कडक करा म्हणून तिच्या हायस्कूलची मुलं अकरा वाजता वर्ग सोडून मैदानावर जमणार होती. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून अडकलेला आहे. कुणी फोटो काढला, नाव कुठे नोंदलं गेलं तर? या भीतीने पावणेअकराला मी डेंटिस्टची अपॉइंटमेंट सांगून ईराला बाहेर काढलं.

गाडीत तिला खरं कळलं. "आई, सीरियसली? आज मी बोलणार होते!"

"अगं, बाबांचा व्हिसा..."

"शूटर व्हिसा चेक करतो का?"

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शाळेत शूटर शिरला तर काय करायचं, त्या ड्रिलमध्ये दाराला डेस्क लावायचं काम माझं असतं. मी दाराजवळ बसते ना."

पंधरा वर्षांची आहे ती. मी रोज डबा संपला का विचारते, वर्गात कुठे बसतेस हे कधी विचारलंच नव्हतं.

मी गाडी वळवली. पोचलो तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. ईरा एकटीच आत गेली.

तासभर झाला, मी अजून पार्किंगमध्येच आहे. ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली. टीचरना ईमेल लिहायला घेतली, की हिची जागा बदला. पाठवता येत नाहीये. त्या जागेवर मग दुसऱ्या कुणाची तरी लेक बसेल.

तुम्ही पाठवली असती का? खरं सांगा.