गाळलेल्या ओळी

ऑफिसात तिला सगळे गाळणीबाई म्हणत. रक्त तपासणाऱ्या एका लॅबचं नेटवर्क ती एकटी सांभाळायची. शहरभर लॅबची अकरा सेंटरं होती, प्रत्येक सेंटरात एक राउटर, आणि तो दिवसभर स्वतःची खबरबात एकेका ओळीत मुख्य ऑफिसच्या सर्व्हरला कळवायचा. वायर खोचायचं अमुक पोर्ट चालू झालं, तमुक बंद पडलं, कुणी चुकीचा पासवर्ड टाकला. कुणी संगणक बंद केला तरी ओळ, चालू केला तरी ओळ. रोजच्या चाळीस हजार ओळींनी सर्व्हरची डिस्क तुडुंब भरायची आणि साहेब वैतागायचे.

"अहो, हा कचरा साठवून काय लोणचं घालायचंय का? गाळा की काहीतरी!"

म्हणून तिने अकराही राउटरवर एक नियम घातला: पोर्ट चालू-बंद झाल्याच्या ओळी सर्व्हरकडे पाठवायच्याच नाहीत. चाळीस हजारांवरून आकडा दीड हजारावर आला. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं आणि तिला ते नाव चिकटलं. तशी ती कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी बाई. नवरा म्हणायचा, "तुझ्या हातून चूक व्हायला मुहूर्तच काढावा लागेल."

दोन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी स्टेशनामागच्या सेंटरची इंटरनेटची लाइन पडली. रिपोर्ट अडकले. एका बाईंचं ऑपरेशन त्यामुळे एक दिवस पुढे गेलं आणि त्यांच्या मुलाने साहेबांना फोनवर सोलून काढलं. साहेबांनी तो राग जसाच्या तसा मामांवर काढला. मामा म्हणजे त्या सेंटरचे शिपाई, बावीस वर्षं तिथेच. झाडलोट तेच करायचे आणि राउटर कपाटामागे जमिनीलगत होता.

"फरशी पुसताना वायर ओढली असणार," साहेब तिला म्हणाले. "सर्व्हरवर काही तक्रार आहे का राउटरची?"

तिने पाहिलं. गेल्या महिन्याभरात एकही नाही.

"मग झालं तर! काल धडधाकट होता, आज मेला. बारा वाजता माणूस नवीन राउटर बसवायला जातोय. मामांच्या बडतर्फीचं पत्र मी संध्याकाळी काढतो."

ती जागेवर येऊन बसली. तक्रार नव्हती की तिनेच ती गाळली होती? बाहेरची लाइनसुद्धा एका पोर्टातच खोचलेली असते. नियम लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे फक्त टेबलांवरचे संगणक होते. ते एक पोर्ट वगळायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

उत्तर एकाच ठिकाणी होतं. गाळण होती ती फक्त पाठवण्याला; राउटर स्वतःच्या मेमरीत सगळ्याच ओळी ठेवायचा. पण वीज काढली की ती मेमरी कोरी. लाइन पडल्यामुळे इथून बघायची सोय नव्हती. तिने सेंटरला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सव्वाअकरा वाजले होते. लॅपटॉप आणि केबल पर्समध्ये कोंबून ती बस स्टॉपकडे पळाली.

बस सिग्नलला अडकली आणि तिच्या मनात आलं, अडकू दे. बारा वाजू देत. राउटर निघाला की तिची चूक कुणाच्या बापाला कळणार नव्हती. तरी पुढच्याच स्टॉपवर ती उतरली आणि उरलेलं अंतर भराभरा चालत गेली, बरगडीत कळ येईपर्यंत.

मामा दाराजवळच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसले होते. आत नवीन राउटरवाला कपाट सरकवत होता.

"थांबा! वीज काढू नका!"

"मॅडम, मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"दहा मिनिटं द्या, पाया पडते तुमच्या."

तिने केबल जोडली. पासवर्ड दोनदा चुकला. मग ओळी सरसर येऊ लागल्या. बाहेरच्या लाइनचं पोर्ट नऊ दिवस बंद-चालू, बंद-चालू होत होतं. पहिल्या दिवशी चारदा, काल दोनशे अकरा वेळा. राउटरचं ते पोर्ट हळूहळू मरत होतं. तिने सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि मगच त्या माणसाला वीज काढू दिली.

"मामा, परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी तुम्ही इथे होता?"

"छे हो, ताई. मुलीचं बाळंतपण होतं, बुधवारपर्यंत रजेवर होतो. साहेबांना सांगायला गेलो, तर ते ऐकून घेईनात."

बिघाड सुरू झाला होता त्याच रविवारी.

परत आल्यावर तिने त्या ओळी छापून ते कागद साहेबांपुढे ठेवले. "मामांचा काही संबंध नाही, सर. राउटर नऊ दिवस ओरडत होता. माझ्या नियमाने त्याचं तोंड बांधलं होतं."

साहेबांनी कागद चाळले. "हे तुम्ही बोलला नसतात तर कळलंसुद्धा नसतं."

"हो."

"मग कशाला बोललात?"

साहेबांनी तिला यथेच्छ झापलं, लेखी खुलासा मागितला आणि वर्षाअखेरीच्या शेऱ्यात ही गोष्ट येईल असंही बजावलं. ती आलीच. मामांचं पत्र मात्र निघालं नाही.

त्या आठवड्यात तिने अकराही राउटरवरचे नियम पुन्हा लिहिले. टेबलांवरच्या संगणकांच्या ओळी गाळायच्या, बाहेरच्या लाइनची प्रत्येक ओळ पाठवायची. एका तासात तीच ओळ पाचदा आली तर तिच्या फोनवर निरोप. मग एकेका सेंटरात जाऊन तिने लाइनची वायर स्वतः काढून पाहिली, पुन्हा खोचली आणि सर्व्हरवर ओळ उमटल्याची खात्री केली. सगळीकडे उमटली. तरी त्यानंतर कित्येक महिने फोन फार वेळ गप्प राहिला की तिला बरं वाटायचं नाही. ती उठून सर्व्हर उघडून बघायची.