वसुमतीअक्कांचं गप्प बसणं

वसुमतीअक्कांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. बंगळूरला मल्लेश्वरमच्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, एम.ए., बी.टी. सगळं झालं होतं. तरी हुशार मुली घरचे ढकलतील तिकडे जाताना बघून त्यांचा जीव तळमळायचा. म्हणून बासष्ट साली रजा घेऊन त्यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं.

लेखी पेपर उत्तम गेले. घोडं अडलं प्रात्यक्षिकात. मुलीला बोलतं करायचं, आपण सल्ला द्यायचा नाही. आणि परीक्षक पद्मावतीबाई कोपऱ्यात बसून ऐकणार.

समोर आली शाळेतली कावेरी, आपल्यातलीच, मराठी घरातली मुलगी. तिला मोकळं वाटावं म्हणून अक्कांनी घरच्या मराठीत सुरुवात केली.

"शिक्षिका व्हावंसं वाटतं का गं?"

"सरी, अक्का."

"की नर्स?"

"सरी, अक्का."

"बँकेत?"

"तेही सरी." कन्नडातलं हे 'बरं' तिनं तिन्हींना लावलं.

ती गेल्यावर पद्मावतीबाई म्हणाल्या, "तुम्ही तिच्या घरातल्या थोरल्या झालात. थोरल्यांना नाही कोण म्हणतं? आणखी एक संधी देते. नाहीतर पुढच्या वर्षी या."

मग अक्कांनी घरी गप्प बसायचा सराव आरंभला. हातातली कॉफी गार व्हायची. सासूबाई म्हणाल्या, "बरं नाही का? सकाळपासून कुणाला शहाणपण शिकवलं नाहीस."

पुढच्या खेपेला, घरातली थोरली वाटू नये म्हणून, अक्का कावेरीशी शाळेतल्या कन्नडात बोलल्या. "तुझा दिवस कसा जावा असं वाटतं?" एवढंच विचारलं आणि थांबल्या. पाय हलायला लागला, तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.

बऱ्याच वेळानं कावेरी म्हणाली, "घड्याळाच्या कारखान्यात मुली घेतात. भिंगातून बघत बारीक चाकं बसवायची. मला ते आवडेल."

आधी डिग्री घे, हे अक्कांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात तिला न्यायला आलेले काका विश्वासराव दारातून म्हणाले, "मग बाई, काय ठरवलंत हिचं?"

"मी काही ठरवलं नाही. तिलाच विचारा."

"तिला काय कळतंय?"

कावेरीची मान खाली गेली. पद्मावतीबाई अक्कांकडे बघत होत्या. अक्का बोलल्या नाहीत. मग कावेरीनंच, या वेळी मराठीत, कारखान्याचं सगळं सांगितलं.

"आणि आजीला कोण सांगणार? घरात शब्द त्यांचा चालतो," काका म्हणाले.

"मी सांगते."

अक्का पास झाल्या. पण घरी जाताना बसस्टॉपवर त्या नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. कावेरीच्या आजी काय म्हणाल्या असतील, हे कळायला अजून मार्ग नव्हता.